सोसायटीची स्मरणिका आणि माझा ऑनलाइन लिखाणाचा श्रीगणेशा

सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची असं एजीएममध्ये ठरलं. ठरलं म्हणजे काय, वडापाव आणि चहा येऊन पोचला होता, सगळ्यांनी हो हो म्हटलं, आणि 'लिखाणाचं कोण बघणार' असं चेअरमननी विचारल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी घरून काम करते ना, म्हणजे लोकांच्या हिशोबाने मी घरीच असते. शिवाय मला 'कॉम्प्युटर येतो'. मला एक्सेल येतं हो, जीएसटी येतं, मराठीत दोन पानं सलग टाईप करायची वेळ दहावीनंतर कधी आली नव्हती, पण हे तिथे ऐकणार कोण.

पहिले पंधरा दिवस जे झालं ते तुमच्याकडेही झालं असणार. व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं की आपापले लेख पाठवा. मग कुणी मेसेजमध्येच टाईप करून पाठवलं, कुणी वहीच्या पानाचा फोटो, तोही आडवा, कुणी वर्डची फाईल, आणि ए विंगच्या काकूंनी तर सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला ज्यात चार मिनिटं मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. चेअरमनचं मनोगत तीनदा आलं. मी दुसऱ्या मसुद्यातल्या चुका काढत बसले आणि तोपर्यंत त्यांनी तिसरं पाठवून ठेवलेलं, त्यामुळे माझी अख्खी रविवार दुपार वाया. तेव्हा डोक्यात आलं की ही माणसं सुधारणार नाहीत, फाईलच एक ठेवायला पाहिजे, आणि सगळ्यांनी त्या एकाच फाईलमध्ये येऊन काय गोंधळ घालायचा तो घालावा.

तर ही पोस्ट त्या एका फाईलची. ज्यांनी आजवर ऑनलाइन डॉक्युमेंट वगैरे प्रकाराला हात लावलेला नाही, किंवा ऑफिसात इंग्रजीसाठी लावलाय पण मराठीसाठी नाही, त्यांच्यासाठी.

आधी कुठलं वापरायचं हा प्रश्न. माझ्या मुलाने मला यावर अर्धा तास लेक्चर दिलं, त्याचं सार सांगते. गूगल डॉक्स आहे, वर्डचं ब्राउझरमध्ये चालणारं फुकट रूप आहे आणि झोहो रायटर आहे. गंमत म्हणजे गूगल डॉक्स मुळात गूगलचं नव्हतंच, रायटली नावाचं २००५ मधलं एक छोटं प्रकरण होतं, ते गूगलने २००६ च्या मार्चमध्ये विकत घेतलं. झोहो रायटरही २००५ चंच, आणि ते आपल्या चेन्नईचं, म्हणजे या धंद्यात आपल्याकडची मंडळी उशिरा आली असं अजिबात नाही. वर्ड ब्राउझरमध्ये आलं २०१० ला. तिन्ही चांगली आहेत. तुमच्याकडे आधीच वर्डच्या फायली असतील, त्यात टेबलं, बॉर्डरी वगैरे असतील, तर वर्डच बरं, मांडणी हलत नाही. मी गूगल घेतलं ते एकाच कारणाने, सोसायटीत बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन आहे म्हणजे जीमेलचं खातं आधीपासून आहे, भले त्याचा पासवर्ड नातवाला माहीत असेल. पासष्ट वर्षांच्या माणसाला नवीन खातं काढायला लावलं की लेख मिळत नाही हे लिहून ठेवा. निवडण्यात संध्याकाळ घालवू नका, जे बहुतेकांकडे आहे ते घ्या.

कोरं पान उघडायला ब्राउझरच्या पट्टीत नुसतं डॉक्स डॉट न्यू टाईप करायचं, इंग्रजीत अर्थात. खात्यात लॉगिन असलात तर थेट पान समोर. हे मला चार महिन्यांनी कळलं, तोवर मी दरवेळी मेल उघड, नऊ ठिपक्यांवर जा, खाली सरक, असं करत होते. आणि सेव्ह करायचं बटण शोधू नका, ते नाहीये. तुम्ही लिहिताय तसतसं आपोआप सेव्ह होतं. माझा डावा हात अजूनही दर दोन ओळींनी कंट्रोल एस दाबतो, तो दाबू दे, त्याचं वय झालंय.

पान उघडलं की लिहायच्या आधी दोन गोष्टी करा. पेज सेटअपमध्ये जाऊन कागद एफोर आहे का बघा, कधी कधी तिथे अमेरिकन लेटर साईज बसलेली असते आणि मग छापताना पानं घसरतात. दुसरी गोष्ट, फाईल मेनूत लँग्वेज आहे तिथे मराठी निवडा. हे केलं की वर टूलबारमध्ये इनपुट टूल्सचं छोटं बटण येतं, आणि मग तुम्ही इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' ठोकलंत की तो देवनागरीत देतो, खाली दोन-चार पर्यायही दाखवतो. मी याच्यावरच शिकले. पण खरं सांगू का, ज्यांना रोज पाच-सहा पानं लिहायचीत त्यांनी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची सरकारी कीबोर्ड मांडणी, शिकावं. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आठवडाभर शिव्या घालाल आणि मग बोटं आपोआप जातात. आमच्या तीनशे चारच्या काकांनी सरकारी खात्यात मराठी टायपिंगची ४० ची परीक्षा दिलेली आहे, त्यांना हे दोन्ही पटत नाही, त्यांना टाईपरायटरचाच कीबोर्ड पाहिजे. तोही मिळतो, विंडोजमध्ये घालता येतो, फक्त ते काम घरातल्या कुणाकडून तरी करून घ्या.

आता ऱ्य. मराठी माणूस कॉम्प्युटरवर पहिल्यांदा अडतो तो इथे. 'पायऱ्या' लिहायचं असतं आणि होतं 'पायर्या'. आमच्या स्मरणिकेत गच्चीच्या पायऱ्या, सोसायटीचे कर्मचारी नव्हे तर कर्मचाऱ्यांचे आभार, पार्किंगच्या तक्रारी करणाऱ्यांची यादी (हो, तसा विनोदी लेख आहे), म्हणजे पानापानावर हा ऱ्य. इनपुट टूल्सवर लिहिताना खालच्या पर्यायांत बरोबर रूप बहुतेक वेळा असतं, घाईत पहिलंच घेऊ नका. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्तावाला ऱ येतो, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. एकदा जमलं की इतकं बरं वाटतं म्हणून सांगू.

फॉन्टचंही तसंच. मी फॉन्टकडे लक्षच दिलं नव्हतं, जे दिसतंय ते दिसतंय. काकांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा ल आपला नाही." मला वाटलं वयाचं काहीतरी. मग नीट बघितलं तर खरंच, हिंदी वळणाचा ल आणि श होता, आपण शाळेत गिरवलेला तो नव्हताच. चाळीस वर्षं मराठी वाचणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं याची मला लाज वाटली. फॉन्टच्या यादीत सगळ्यात वर 'मोअर फॉन्ट्स' आहे, तिथे स्क्रिप्ट देवनागरी निवडली की मोठी यादी येते. तिरो देवनागरी मराठी नावाचा एक आहे, नावातच मराठी आहे, त्याचे ल आणि श काकांनी पास केले. मथळ्यांना बलू घेतला, गुबगुबीत आहे, मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा. त्यांचाच मुक्ता सलग वाचायला साधा आणि चांगला. बाकी यादीत फार रमू नका, मी एकदा रात्री दीड वाजेपर्यंत रमले होते.

मग आला शेअर करायचा दिवस. इथे मी माती खाल्ली ती सांगते म्हणजे तुम्ही खाणार नाही. वरच्या शेअरच्या बटणाला हात न लावता मी पट्टीतली लिंक कॉपी केली आणि ग्रुपवर टाकली. फाईल होती फक्त माझ्यासाठी उघडी. रात्री नऊला टाकली आणि साडेनऊपर्यंत मला 'ॲक्सेस मागितला आहे' अशा ३४ मेल. त्यातले निम्मे मेलआयडी नातवंडांच्या नावाचे, त्यामुळे कोण कोण ते कळेना. मग वैतागून मी 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडला आणि पुढे एडिटर करून टाकलं. झालं. सकाळी उघडते तर वर कोपऱ्यात रंगीत गोल आणि त्यात जनावरं. खात्यात लॉगिन न करता लिंकवरून कुणी आलं की गूगल त्याला निनावी अमुक प्राणी असं नाव देतं. ए विंगच्या काकूंचा फोन, "अगं ते कपिबारा कोण आहेत? भाडेकरू का?"

शिवाय कपिबारांनी माझ्या प्रस्तावनेखाली 'हाय' लिहून ठेवलं होतं.

तर रीत अशी. ज्यांनी फक्त वाचायचं त्यांना व्ह्यूअर, ज्यांनी मत द्यायचं त्यांना कमेंटर, आणि ज्यांच्या हातात तुम्ही घराची चावी द्याल तेवढ्यांनाच एडिटर, तेही मेलआयडी घालून, लिंक मोकळी सोडून नाही. आमच्यात शेवटी पाच एडिटर राहिले. बाकी सगळ्या ग्रुपला कमेंटर. हे केल्यावर निम्मी भांडणं संपली कारण लोकांना मजकूर बदलायचा नसतोच, आपल्याला विचारलं एवढंच हवं असतं.

काकांना मात्र मी एडिटर केलं आणि त्यांना सजेस्टिंग शिकवलं. उजवीकडे वर पेन्सिलचं चिन्ह आहे, तिथे एडिटिंग ऐवजी सजेस्टिंग निवडायचं. मग तुम्ही जे खोडाल ते खरं खोडलं जात नाही, त्यावर रेघ येते, नवीन लिहिलेलं रंगात दिसतं, आणि बाजूला बरोबरची खूण आणि फुली. कुठल्याही एडिटरने खूण दाबली की बदल पक्का. काका ४० वर्षं लोकांच्या टिपणांवर लाल शाईने लिहीत आलेत, त्यांना हे म्हणजे स्वर्ग. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर मजकूर कमी आणि रेघा जास्त. 'निवडणुक' नाही 'निवडणूक', पण 'निवडणुकीत' ऱ्हस्व. 'आणी' नाही 'आणि'. सी विंगच्या वहिनींनी 'मी पुण्यात आली' लिहिलेलं, त्यावर काकांची कमेंट, 'आले', आणि खाली वहिनींचं उत्तर, 'आमच्याकडे आलीच म्हणतात', आणि मग त्यावर अकरा कमेंटी. वहिनींचं 'आली' शेवटी तसंच ठेवलं. माझा निर्णय. सगळ्यांचं बोलणं एकाच साच्यातून काढायचं तर मग एकट्या काकांनीच लिहावी ना स्मरणिका.

शुद्धलेखन तपासायला मशीनवर भरवसा ठेवू नका बरं का, मराठीसाठी तरी. तीनशे चार ठेवा.

बोलून लिहिण्याबद्दल मला सगळ्यात जास्त जण विचारतात. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये टूल्स मेनूत व्हॉइस टायपिंग आहे, माईकचं चित्र येतं, त्याच्या वर भाषा मराठी करायची आणि बोलायचं. गूगलच्या बोलून लिहिण्यात मराठी २०१७ ला आली. फोनवर तर जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या फोनवरच्या कीबोर्डच्या, माईकने होतंच. ए विंगच्या काकूंचा कुकरवाला लेख मी त्यांना समोर बसवून असाच घेतला. त्या बोलत होत्या २००३ च्या उन्हाळ्याबद्दल, टँकर कसे यायचे, बादल्या घेऊन जिन्यात रांग कशी लागायची, आणि पडद्यावर ते शब्द येताना बघून मध्येच थांबून म्हणाल्या, "अगंबाई, हे मी बोलले?" फार छान बोलल्या. फक्त मध्येच आत वळून सुनेला म्हणाल्या ते पण उतरलं, त्यामुळे पहिल्या मसुद्यात वाक्य असं होतं, 'अखेर बोर वेल ला पाणी लागलं आणि माझ्या चहात साखर घालू नकोस'. हे वाक्य छापायला पाहिजे होतं असं मला अजून वाटतं.

व्हॉइसमध्ये मराठीला विरामचिन्हं बोलून देता आली नाहीत मला. पूर्णविराम म्हटलं की तो बिचारा 'पूर्णविराम' हा शब्द लिहून देतो. त्यामुळे नंतर अर्धा तास बसून टिंबं द्यावी लागतात. तरी वहीतून टाईप करण्यापेक्षा खूप स्वस्तात सुटतं. आणि ज्या आजींना बोलायलाही संकोच वाटत होता त्यांना फोनवर बोटाने गिरवायचा कीबोर्ड लावून दिला, जीबोर्डमध्ये मराठी हस्ताक्षराचा पर्याय आहे, त्यांनी तीन दिवसांत सव्वा पान लिहिलं. पाटीवर लिहिल्यासारखं वाटतं म्हणाल्या.

आता मोठी भानगड. एका गुरुवारी दुपारी फाईल उघडली तर ४८ पैकी मधली नऊ पानं गायब. कुणीतरी फोनवरून काहीतरी कॉपी करायला गेलं, बोट लांब दाबलं, बराच भाग निवडला गेला आणि वर एक अक्षर टाईप झालं. झालं असणार ते एवढंच, 'क' एवढंच अक्षर त्या जागी उरलं होतं. माझ्या पोटात गोळा. इतक्या लोकांची आठवण लिहून घेतलेली, काहींनी परत सांगितली नसती.

फाईल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते. उघडली की उजवीकडे तारीख-वेळेप्रमाणे सगळी जुनी रूपं, कुणी काय बदललं ते त्याच्या त्याच्या रंगात. मला दिसलंच कोणी ते, नाव सांगणार नाही, त्या घरातून दिवाळीला मला चकल्या येतात. घाईघाईत 'रिस्टोअर' दाबणार होते, मग लक्षात आलं की त्या अपघातानंतर दोघातिघांनी पुढच्या पानांवर काम केलंय, अख्खी फाईल मागे नेली तर समोरून त्यांचंही काम जाईल. म्हणून फक्त दुपारी दोनच्या आधीचं रूप उघडलं, त्यातली नऊ पानं तिथूनच कॉपी केली आणि आजच्या फाईलमध्ये त्या 'क' च्या जागी पेस्ट केली. दहा मिनिटांचं काम. पण ती दहा मिनिटं! तेव्हापासून दर शनिवारी मी त्यावेळच्या रूपाला नाव देऊन ठेवते, 'काकांनंतर', 'जाहिराती आल्या', असं. शोधायला सोपं जातं. ऑनलाइनची भीती वाटते, कोणी उडवलं तर, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, की तुमच्या डेस्कटॉपवरच्या फाईलमधून कोणी नऊ पानं उडवून सेव्ह केली असती तर काय केलं असतंत?

जुन्या मजकुराचं एक सांगायचं राहिलं. दहा वर्षं झाली तेव्हा एक पुस्तिका काढलेली, त्यातला संस्थापक सभासदांचा लेख घ्यायचा होता. छापखान्याकडे मूळ फाईल निघाली, मी आनंदाने उघडली, आणि पेस्ट केल्यावर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं, मध्ये डॉलर, मध्ये डोक्यावर टिंबं दिलेली अक्षरं. व्हायरस नव्हे ते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळायच्या आधी मराठीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरायचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने आत इंग्रजीच, वर फक्त मराठी मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण कुठल्या फॉन्टचं आहे ते माहीत असेल तर. आम्हाला नव्हतं. मग छापील पुस्तिकेचेच उजेडात फोटो काढले, गूगल ड्राईव्हवर चढवले, आणि फोटोवर राईट क्लिक करून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केलं. फोटोखाली मजकूर! चक्क युनिकोडमध्ये. काही घ चे ध झाले होते, 'घरमालक' चे 'धरमालक', पण ते काकांनी टिपले.

दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. मथळे नुसते मोठे-ठळक करू नका, हेडिंगची स्टाईल लावा, मग बाजूला आपोआप अनुक्रम दिसतो आणि फोनवर ४८ पानं खाली सरकवत बसावं लागत नाही. फोटो डॉक्युमेंटमध्ये कोंबू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये मूळ आकारात ठेवा, छापखान्याला तेच लागतात, व्हॉट्सॲपवरून आलेले नाही. फुकट जागा १५ जीबी आहे आणि त्यातच तुमचे मेल आणि गूगल फोटोही बसतात, तेव्हा सोसायटीचे फोटो स्वतःच्या खात्यात भरायच्या आधी विचार करा, मी केला नव्हता. आणि नेट जातं तिथे राहत असाल तर क्रोममध्ये ऑफलाइन चालू करून ठेवा, नेट असतानाच, गेल्यावर उपयोग नाही.

छपाईच्या वेळी डीटीपीवाल्या दादांनी सांगितलं, आमच्याकडे जुनं सॉफ्टवेअर आहे, युनिकोड चालत नाही, कन्व्हर्ट करून घेतो. घेतलं, आणि प्रूफ आलं त्यात सगळ्या पायऱ्यांच्या पुन्हा पायर्या. मी आणि काका दोन रात्री बसलो, मी पडद्यावर मूळ वाचायचे, ते प्रूफवर बोट ठेवून ऐकायचे. कंट्रोल एफ ने ऱ्य कुठे कुठे आहे ते शोधून यादी केली म्हणून निभावलं. १३७ ठिकाणी होता.

स्मरणिका छापून वाटून दोन महिने झाले. फाईल मी बंद केलेली नाही, काकांचा हक्क काढायचं जिवावर आलं. परवा रात्री साडेअकराला मेल आला, पान ७, दुसरा परिच्छेद, 'पार्कींग' चं 'पार्किंग' करावे. मी खूण दाबून बदल मंजूर केला आणि झोपले.